वळणावर सापडणारी धूळ

दुपारी कौलांच्या फटीतून घरात कवडसा उतरतो आणि त्या उजेडाच्या पट्ट्यात धुळीचे कण संथपणे तरंगताना दिसतात. आम्हा कवींना हे दृश्य फार आवडतं. हवेचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र त्याकडे जरा संशयानंच पाहिलं. त्यांचं म्हणणं असं, की जे कण आपल्या नजरेत भरतात ते बहुधा नाकाच्या फार पुढे जात नाहीत. आणि जे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात ते नुसत्या डोळ्यांना एकेकटे कधी दिसत नाहीत. धूळ किती आहे यापेक्षा तिचा कण केवढा आहे, यावर तिचा धोका अधिक अवलंबून असतो. आज हे वाक्य सोपं वाटतं. पण ते पक्कं व्हायला कित्येक दशकं लागली, अनेक माणसांचे श्वास खर्ची पडले आणि त्यासाठी एक साधंसं यंत्र जन्माला यावं लागलं. त्या यंत्राचं नाव कॅस्केड इम्पॅक्टर.

नाव अवघड असलं तरी अर्थ सोपा आहे. कॅस्केड म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारा धबधबा आणि इम्पॅक्ट म्हणजे आपटणं. हवा पायरीपायरीनं खाली ओढायची आणि प्रत्येक पायरीवर तिच्यातले ठरावीक आकाराचे कण आपटवून पकडायचे, एवढंच या यंत्राचं काम. ते आज औषध कारखान्यांत आहे, हवामानशास्त्राच्या प्रयोगशाळांत आहे, इस्पितळांच्या तपासणीत आहे. आपल्याला ते सहसा दिसत नाही. पण दम्याच्या पंपातलं औषध आणि वर्तमानपत्रात रोज छापून येणारा हवेचा आकडा, या दोहोंच्या मागे त्याचं तत्त्व उभं आहे.

पुढे जाण्यापूर्वी एका मापाची ओळख करून घेऊ. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. क्षयाचा जंतू दोन ते चार मायक्रॉन लांबीचा. आपली ही सगळी गोष्ट दहा मायक्रॉनांच्या आसपास आणि त्याच्या खाली घडते.

हवेतले कण काचेवर पकडायची कल्पना बरीच जुनी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच देशात लिहिला गेला. १८७० मध्ये इंग्लंडमधल्या रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरांनी वाऱ्याकडे तोंड करून आपोआप फिरणारं एक नळकांडं बनवलं. वारा त्याच्या निमुळत्या तोंडातून आत शिरे आणि समोरच्या चिकट काचेवर आदळे. मग ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. हेच मॅडॉक्स पुढच्याच वर्षी फोटोग्राफीच्या जिलेटिनच्या कोरड्या प्लेटमुळे प्रसिद्ध झाले. अदृश्य गोष्टी काचेवर उमटवण्याचा त्यांना जणू छंदच होता.

मॅडॉक्स यांच्या उपकरणात थोडे बदल करून ते कलकत्त्यात वापरलं डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या स्कॉटिश डॉक्टरांनी. कॉलऱ्याचं मूळ शोधण्यासाठी त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आलं होतं. रोग वाईट हवेतून येतात ही समजूत तेव्हा प्रबळ होती. कनिंगहॅम यांनी प्रेसिडेन्सी आणि अलीपूर या तुरुंगांमधल्या हवेचे नमुने घेतले. तुरुंगाचा फायदा असा, की तिथली माणसं ठरलेली आणि कोण कधी आजारी पडलं याची नोंदही ठेवलेली. काचेवर त्यांना बुरशीचे बीजाणू आणि परागकण भरपूर सापडले. पण त्यांची संख्या आणि कैद्यांमधला कॉलरा, हगवण किंवा ताप यांचा काही मेळ बसेना. १८७३ मध्ये त्यांचा हा अहवाल कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. पुढे अकराच वर्षांनी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी त्याच कलकत्त्यात तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवला. रोग हवेत नव्हताच, पाण्यात होता. तरी कनिंगहॅम यांचं काम वाया गेलं नाही. हवेत काय काय असतं याची इतकी तपशीलवार चित्रं त्यापूर्वी फारच थोड्यांनी काढली होती. त्या काचेला एकच गोष्ट येत नव्हती. लहान-मोठे सगळे कण ती एकाच जागी गोळा करी. त्यांची निवड तिला जमत नसे.

ही निवड का करायची, हे शिकवलं दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींनी. जोहान्सबर्गजवळच्या विटवॉटर्सरँड भागात १८८६ मध्ये सोनं सापडलं. ते गारगोटीच्या कठीण खडकात होतं. दाबाच्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं आली आणि खडकाचं पीठ खाणीत उडू लागलं. काही वर्षांतच ड्रिल चालवणारे धट्टेकट्टे जवान धापा टाकू लागले. खोकला, दम आणि अखेर मृत्यू. बोअर युद्ध संपून १९०२ मध्ये खाणी पुन्हा सुरू होताना आधीचे कितीतरी ड्रिलवाले हयातच नाहीत हे ध्यानात आलं आणि चौकशी आयोग नेमावा लागला. या आजाराला आज आपण सिलिकोसिस म्हणतो.

उपाय म्हणून खाणीत पाणी मारायला सुरुवात झाली. डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसली, पण आजार संपला नाही. मग १९१३ मध्ये मेलेल्या खाणकामगारांच्या फुप्फुसांची राख करून तिच्यातले खनिजकण तपासले गेले. त्या राखेत मोठे कण जवळजवळ नव्हतेच. जे होते ते थोडक्या मायक्रॉनांचे. खाणीच्या हवेत मोठी धूळ भरपूर असताना फुप्फुसानं नेमकी बारीकच धूळ साठवली होती. मोठी धूळ वाटेतच अडली होती. बारीक धूळ थेट तळघरापर्यंत गेली होती आणि तिथून तिला बाहेर पडता आलं नव्हतं.

तिथले सरकारी खाण अभियंते रॉबर्ट कोटझे यांनी १९१६ मध्ये कोनिमीटर नावाचं हातात मावणारं उपकरण काढलं. स्प्रिंगच्या दट्ट्यानं थोडीशी हवा झटक्यात ओढायची, ती बारीक छिद्रातून व्हॅसलीन लावलेल्या काचेवर आदळवायची आणि चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. वजन करण्याऐवजी कण मोजायचे, ही त्यातली नवी दृष्टी. कारण वजनात मोठे कण बाजी मारतात. दहा मायक्रॉनांच्या एका कणाचं वजन एक मायक्रॉनच्या एक हजार कणांइतकं असतं. तराजूला तो एक मोठा कण कळतो. फुप्फुसाला ते हजार लहान कळतात.

मोजणी झाली, कायदे झाले. पण भरपाईच्या बाबतीत गोऱ्या कामगारांकडे जितकं लक्ष गेलं तितकं काळ्या कामगारांकडे गेलं नाही. ते ठरावीक मुदतीवर दूरच्या गावांतून आणले जात, मुदत संपली की परत पाठवले जात आणि त्यांचा खोकला त्यांच्या गावात, कुठल्याही नोंदवहीबाहेर संपून जाई. आपल्याकडेही हीच कहाणी वेगळ्या नावांनी घडली. गुजरातेत खंबातला अकीक घासून मणी आणि अंगठीचे खडे बनवणारे कारागीर, मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार, हे याच सिलिकोसिसचे बळी. आपल्या बोटातल्या खड्यासाठी आणि आपल्या मुळाक्षरांसाठी कुणीतरी ती धूळ श्वासात घेतली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाच मायक्रॉनचा कण आणि एक मायक्रॉनचा कण वेगळे करायचे कसे? पीठ चाळतो तशी चाळणी इथे उपयोगाची नाही. इतकी बारीक छिद्रं पाडणं अवघड, ती क्षणात बुजणार आणि हवा त्यातून जायला तयार होणार नाही. शिवाय फुप्फुस काही चाळणी नव्हे. नाकापासून तळापर्यंत ती एक वळणावळणांची वाट आहे आणि कण तिच्यात वळणांवर अडतात. म्हणून यंत्रालाही वळणाचीच युक्ती लागली.

खळ्यात उफणणी पाहिलेल्यांना ती चटकन कळेल. शेतकरी पाटीतून धान्य वाऱ्यावर सोडतो. दाणा वजनानं सरळ खाली येऊन रास होते, भुसकट वाऱ्याबरोबर वळून पलीकडे जाऊन पडतं. वाऱ्याचं ऐकायचं की आपल्या वजनाचं, हे ज्याचं तो ठरवतो. इम्पॅक्टरमध्येही असंच होतं. छिद्रातून हवेचा झोत येतो आणि समोर अगदी जवळ एक सपाट तबकडी असते. हवेला तबकडीतून जाता येत नाही, म्हणून ती काटकोनात वळून बाजूनं निघून जाते. झोतातला हलका कण हवेबरोबर वळतो. जड कणाला वळणं जमत नाही. तो आपल्या ओघात सरळ जाऊन तबकडीवर आपटतो आणि चिकटतो.

यात वेगाला फार महत्त्व आहे. घाटातलं वळण आठवा. भरलेला ट्रक सावकाश असेल तर वळण घेतो, पण तोच वेगात आला तर सरळ कठड्यावर जातो. त्याच वेगाला मोटारसायकल आरामात वळते. वेग आणखी वाढवला तर तीही वळणार नाही. आता एकामागून एक वळणं अशी आखली, की प्रत्येक वळणावर आधीपेक्षा वेग जास्त आणि वळण अधिक तीव्र. पहिल्या वळणावर ट्रक सापडतील, दुसऱ्यावर मोटारी, तिसऱ्यावर मोटारसायकली आणि शेवटी सायकलीसुद्धा. कॅस्केड इम्पॅक्टर म्हणजे हा घाट. वेग वाढवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. नळीचं तोंड बोटानं दाबलं की पाणी जोरात उडतं, तसंच प्रत्येक टप्प्यावरचं छिद्र आधीपेक्षा लहान ठेवलं की तीच हवा अधिकाधिक वेगानं धावते. शेवटच्या तबकडीलाही चुकवून गेलेले अतिसूक्ष्म कण अडवायला तळाशी एक गाळणी असते.

हा घाट बांधणाऱ्या माणसाचं नाव के. आर. मे. ते इंग्लंडमधल्या पोर्टन डाउन या लष्करी संशोधन केंद्रात काम करत. विषारी वायू आणि रोगजंतू युद्धात कसे वापरले जातील आणि त्यांच्यापासून बचाव कसा करायचा, याचा अभ्यास तिथे चाले. याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड नावाच्या छोट्या बेटावर अँथ्रॅक्सच्या जंतूंची चाचणी घेतली. त्यानंतर ते बेट माणसांसाठी बंद झालं, ते १९९० मध्ये सुरक्षित जाहीर होईपर्यंत. अशा जागी सगळा प्रश्न कणाच्या आकाराचा असतो. फवाऱ्याचा थेंब मोठा असेल तर तो जमिनीवर पडतो. नेमका लहान असेल तर माणसाच्या फुप्फुसात उतरतो. मे यांनी चार टप्प्यांचं यंत्र केलं. प्रत्येक टप्प्यात आधीपेक्षा अरुंद फट आणि तिच्यासमोर सूक्ष्मदर्शकाची चिकट काच. १९४५ मध्ये एका ब्रिटिश विज्ञान-नियतकालिकात त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. कॅस्केड इम्पॅक्टर हे नाव तिथूनच रूढ झालं.

पुढचं पाऊलही लष्कराच्याच आवारात पडलं. अमेरिकेत युटा राज्यातल्या डगवे या चाचणी केंद्रातले एरियल अँडरसन यांनी १९५८ मध्ये सहा टप्प्यांचं यंत्र प्रसिद्ध केलं. जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक रचलेले सहा पुडे. प्रत्येक पुड्याच्या तळाशी चारशे छिद्रं आणि त्याखाली जंतूंच्या खाद्याची थिजवलेली बशी. वरच्या पुड्याची छिद्रं १.१८ मिलिमीटरची, सर्वांत खालच्याची पाव मिलिमीटरची. यंत्र मिनिटाला २८.३ लिटर हवा ओढतं. अंगमेहनत करणारा माणूस साधारण इतकीच हवा घेतो. हिशेब केला तर वरच्या छिद्रांतून हवा सेकंदाला एक मीटरच्या आसपास वेगानं येते आणि खालच्या छिद्रांतून चोवीस मीटरनं, म्हणजे ताशी पंचाऐंशी किलोमीटरपेक्षा थोड्या अधिक वेगानं. गंमत पाहा, पाव मिलिमीटरचं ते छिद्रसुद्धा कणापेक्षा शेकडो पटींनी मोठं आहे. छिद्र कुणालाच अडवत नाही. अडवतं ते त्यानंतरचं वळण. पहिल्या बशीवर सात मायक्रॉनांहून मोठे कण पडतात, शेवटच्या बशीवर एक मायक्रॉनच्या आसपासचे. बश्या उबेत ठेवल्या की जिवंत जंतूंच्या वसाहती ठिपक्यांसारख्या उगवतात. मग त्या मोजायच्या.

अँडरसन यांच्या यंत्राचं खरं मोल असं, की त्याचे टप्पे माणसाच्या श्वसनमार्गाशी जुळतात. वरच्या बशीवर जे सापडलं ते नाकात अडलं असतं, मधल्या बश्यांवरचं श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांमध्ये, आणि तळच्या बशीवरचं फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत गेलं असतं. धातूचं एक फुप्फुसच म्हणा ना. अशा कणांचं माप काढण्याची रीतही खास आहे. एखाद्या वाकड्यातिकड्या कणाला पट्टी कशी लावणार? म्हणून तो हवेत ज्या वेगानं खाली येतो, त्याच वेगानं येणारा पाण्याच्या घनतेचा गोळा केवढा असेल, ते त्याचं माप धरायचं. हवा त्याला केवढा समजते, हाच त्याचा आकार. शंभर मायक्रॉनचा असा गोळा माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून सहा-सात सेकंदांत जमिनीवर येतो. दहा मायक्रॉनांचा आठ-एक मिनिटं घेतो. एक मायक्रॉनचा अगदी स्थिर हवेतसुद्धा जवळजवळ बारा तास तरंगत राहतो.

युद्धाच्या गरजेतून आलेलं हे यंत्र पुढे औषधाच्या कामी आलं. दम्याच्या रुग्णांसाठी मोजून मात्रा देणारा पंप १९५६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. पंप दाबला की औषध बाहेर येतं हे खरं, पण ते पोचतं कुठे? पाच मायक्रॉनांहून मोठे थेंब बहुतांशी घशातच आपटतात आणि गिळले जाऊन पोटात जातात. एक ते पाच मायक्रॉनांचे कण श्वासनलिकांपर्यंत पोचतात. रीतसर घेतलं तरी अशा पंपातलं साधारण दहा ते वीस टक्केच औषध फुप्फुसात उतरतं. म्हणून औषध कारखान्यात तपासणी करताना पंप यंत्राच्या वरच्या तोंडात बसवून दाबतात. त्या तोंडाला घशासारखी काटकोनात वळणारी धातूची नळी असते. मग प्रत्येक तबकडीवर किती औषध जमलं ते रासायनिक परीक्षेनं मोजतात. युरोप-अमेरिकेच्या औषधसंहितांमध्ये या चाचणीची रीत लिहून ठेवली आहे. ज्या ज्ञानाचा उपयोग रोगजंतू फुप्फुसात कसे पोचतील हे पाहण्यासाठी झाला, त्याच ज्ञानानं आज गुदमरणाऱ्या मुलाच्या छातीत औषध पोचतं. यंत्राला स्वतःची नियत नसते. ती वापरणाऱ्याला ठेवावी लागते.

तिसरं क्षेत्र आपल्या रोजच्या हवेचं. १९५९ मध्ये जोहान्सबर्गला, म्हणजे त्याच सोन्याच्या खाणींच्या शहरात, धुळीच्या आजारांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि फुप्फुसाच्या तळाशी जाणारी धूळ कुणाला म्हणायचं, याची आकारावरून व्याख्या ठरली. शहरांच्या हवेला ही दृष्टी लाभायला आणखी वेळ लागला. अमेरिकेनं १९७१ मध्ये हवेतल्या एकूण धुळीवर मर्यादा घातली होती. १९८७ मध्ये ती दहा मायक्रॉनांपर्यंतच्या कणांवर आणली आणि १९९७ मध्ये अडीच मायक्रॉनांपर्यंतच्या कणांसाठी वेगळी मर्यादा घातली. पीएम १० आणि पीएम २.५ ही नावं अशी आली. मधल्या काळात, १९९३ मध्ये, हार्वर्डच्या संशोधकांचा सहा अमेरिकन शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षं मागोवा घेतला गेला. सर्वांत मळक्या हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा सव्वीस टक्क्यांनी जास्त निघालं आणि त्याचा सर्वांत घट्ट संबंध बारीक कणांशी दिसला. त्या अभ्यासात कण वेगळे करणारी उपकरणं इम्पॅक्टरच्याच घराण्यातली होती.

भारतात पीएम २.५ साठी राष्ट्रीय मानक २००९ मध्ये आलं: वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, चोवीस तासांची ६०. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अँडरसनच्या धर्तीच्या यंत्रानं हवेतले कण आकाराप्रमाणे वेगळे करून तपासले आहेत. अशा तपासणीत एक गोष्ट सारखी दिसते. मोठ्या कणांमध्ये माती आणि समुद्राचं मीठ असतं. बारीक कणांमध्ये धूर, काजळी आणि वायूंपासून हवेतच तयार झालेली सल्फेटसारखी संयुगं. म्हणजे मोठा कण बहुधा जमिनीतून उडालेला, बारीक कण बहुधा चुलीतून, इंजिनातून, भट्टीतून आलेला. रस्ता झाडला आणि पाणी मारलं की पहिला कमी होतो. दुसरा त्यानं फारसा हलत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वरच मोजली गेली. विटवॉटर्सरँडच्या खाणीत पाणी मारल्यावर झालं तेच इथेही होण्याची भीती आहे: दिसणारी धूळ बसते, आकडा सुधारतो आणि छाती तशीच राहते.

आकाराबद्दलचा गोंधळ किती महाग पडतो हे करोनाच्या साथीत साऱ्या जगानं पाहिलं. पाच मायक्रॉनांहून मोठे थेंब लगेच खाली पडतात आणि त्याहून लहान तेवढे तरंगतात, असं वैद्यकाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जात होतं. वर सांगितलेला हिशेब पाहिला तर हे टिकत नाही. विल्यम वेल्स या अमेरिकन संशोधकानं १९३४ मध्येच लगेच पडणाऱ्या थेंबांची सीमा शंभर मायक्रॉनच्या आसपास दाखवली होती. पाचाचा आकडा फुप्फुसात खोलवर कोण जातं याचा होता. तो हवेत कोण तरंगतं याला चिकटवला गेला. २०१३ मध्ये अमेरिकेत फ्लूच्या रुग्णांचा उच्छ्वास इम्पॅक्टरनं वेगळा करून पाहिला, तेव्हा पाच मायक्रॉनांहून लहान कणांमध्ये मोठ्या कणांपेक्षा विषाणूंचा अंश कितीतरी जास्त सापडला होता. तरीही मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना करोना हवेतून पसरत नाही असं सांगत होती. त्या जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन विरोधी आवाज उठवला. पुढे संघटनेची भूमिका बदलली. पण तोवर खिडक्या उघडण्याऐवजी टेबलं पुसण्यात बरेच महिने गेले होते.

या यंत्रालाही मर्यादा आहेत. कण कोरडा आणि टणक असेल तर तो तबकडीवर आपटून उडतो आणि खालच्या टप्प्यात जाऊन भलत्याच गटात मोजला जातो; म्हणून तबकडीला तेलाचा किंवा ग्रीसचा लेप द्यावा लागतो. एकाच जागी फार कण साचले तरी नवे टिकत नाहीत. सीमाही सुरीनं कापल्यासारखी नसते. अडीच मायक्रॉनचा टप्पा म्हणजे त्या आकाराचे निम्मे कण अडतात आणि निम्मे पुढे जातात. शिवाय प्रत्येक तबकडी हातानं काढायची, वजन करायचं, परीक्षा करायची, असं हे संथ काम आहे. आता क्षणाक्षणाला आकडा देणारी प्रकाशावर चालणारी उपकरणं आली आहेत. पण कण आकाराप्रमाणे वेगळा करून हातात घ्यायचा आणि तो कशाचा आहे हे तपासायचं असेल, तर अजूनही या पुड्यांच्या डब्याकडे यावं लागतं.

दगडखाणीवर किंवा फरशी कापण्याच्या कामावर गेलात तर पाहा. कामगार तोंडाला रुमाल किंवा पंचा बांधून बसलेला असतो. संध्याकाळी तो झटकला की पांढरी धूळ उडते आणि त्याला वाटतं, एवढी तरी छातीत जायची वाचली. ती खरंच वाचली. पण ती मोठी धूळ होती. कापडाच्या विणीतून सहज जाणारी बारीक धूळ त्याच्या पंचावर दिसणार नाही. ती दहा-वीस वर्षांनी एक्स-रेमध्ये दिसेल. म्हणून पाण्याखाली कापणं, धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारा पंखा लावणं आणि बारीक कण अडवणारा योग्य मुखवटा मालकानं देणं, हे उपाय त्याच्या हक्काचे आहेत. हे सारं शास्त्र जुनं आहे, सिद्ध आहे आणि फार महागही नाही. हवा स्वच्छ आहे असं कुणी सांगितलं तर किती धूळ कमी झाली हे जरूर विचारावं. पण त्याच्या पाठोपाठ विचारावं, की कमी झालेली धूळ केवढी होती आणि उरलेली केवढी आहे.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)